फुलपाखरू आणि पतंग : फरक किती, नाते किती

जून-जुलैचे दिवस आले की कोकणातील एखाद्या गावातून किंवा सह्याद्रीच्या पायथ्याच्या एखाद्या शाळेतून एक बातमी हमखास येते. भिंतीवर किंवा झाडाच्या खोडावर वीतभर रुंदीचे, विटकरी रंगाचे महाकाय फुलपाखरू आढळले, ते पाहण्यासाठी गर्दी लोटली आणि ते अतिशय दुर्मिळ असल्याचे सांगण्यात आले. छायाचित्र पाहिल्यावर लक्षात येते की हे फुलपाखरू नसून ॲटलस पतंग आहे. त्याच्या पंखांचा विस्तार २४ सेंटिमीटरच्या घरात जाऊ शकतो आणि पुढच्या पंखांची टोके सापाच्या फण्यासारखी भासतात. तो फारसा दुर्मिळही नाही. पावसाळी जंगलाचा तो नेहमीचा रहिवासी आहे. प्रौढपणी त्याला काम देणारे तोंडच नसल्याने अळी असताना साठविलेल्या चरबीवर तो जेमतेम आठवडा-दोन आठवडे जगतो, म्हणून तो क्वचित दिसतो इतकेच.

ही चूक निरुपद्रवी आहे. हीच गल्लत डाळिंबाच्या बागेत झाली तर मात्र ती महागात पडते. डाळिंबाचे फळ पोखरणारी, 'सुरसा' या नावाने बागायतदारांना परिचित असलेली अळी ही पतंगाची नव्हे, तर एका लहानशा निळसर फुलपाखराची अळी आहे. ते दिवसा उडते आणि दिवसाच फुलांवर व कोवळ्या फळांवर अंडी घालते. उलट नागपूरच्या संत्र्यांना रात्री सोंड खुपसून रस शोषणारा कीटक हा पतंग आहे. दोघांचाही बंदोबस्त करायचा तर एकाची वेळ दिवसाची आणि दुसऱ्याची रात्रीची, हे आधी ठाऊक असावे लागते.

फुलपाखरू आणि पतंग यांतील फरक शाळेच्या पुस्तकात चार-पाच ओळींत सांगितलेला असतो. त्या ओळी चुकीच्या नाहीत, परंतु त्यांतील प्रत्येकीला अपवाद आहे. हे अपवाद का आहेत याचे उत्तर गेल्या काही वर्षांतील संशोधनाने बरेच स्पष्ट केले आहे, आणि ते उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटेल असे आहे.

नावांची गोष्ट

मराठीत 'फुलपाखरू' या शब्दातच फुलांशी असलेले नाते आले आहे. 'पतंग' हा संस्कृतातून आलेला शब्द मात्र पूर्वी उडणाऱ्या कोणत्याही जीवाला लावला जात असे. दिव्यावर झडप घालून जळणारा पतंग आपल्या परंपरेत मोहाचे प्रतीक ठरला. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने सांगितलेल्या चोवीस गुरूंमध्ये पतंगाचा समावेश आहे, आणि संत एकनाथांनी याच स्कंधावर टीका लिहिल्याने हा दृष्टान्त मराठी कीर्तनांतून घरोघरी पोहोचला. 'पाकोळी' हा आणखी एक शब्द. तो फुलपाखरालाही लावतात, पतंगालाही लावतात आणि वेगाने उडणाऱ्या एका पक्ष्यालाही. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉर्मन या काळ्या-निळ्या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा दर्जा दिला, तेव्हा त्याचे मराठी नाव 'राणी पाकोळी' असेच सांगण्यात आले. राज्य फुलपाखरू घोषित करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होय.

शास्त्रज्ञांचा गोंधळही लोकभाषेपेक्षा फारसा वेगळा नव्हता. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये या कीटकांची वाटणी तीन गटांत केली. त्यांत दिवसा उडणारे, सायंप्रकाशात उडणारे आणि रात्री उडणारे असा ढोबळ भेद होता. एकोणिसाव्या शतकात शृंगिकांवरून, म्हणजे ज्यांना आपण मिशा म्हणतो त्यांवरून, दोन गट करण्यात आले. ज्यांच्या शृंगिकांच्या टोकाला गदेसारखी गाठ आहे ती फुलपाखरे, आणि ज्यांच्या शृंगिका इतर कोणत्याही प्रकारच्या आहेत ते पतंग. म्हणजे पतंग हा मुळात 'उरलेल्या सर्वांचा' गट होता. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

उरलेल्यांचा हा गट किती मोठा आहे? जगात या कुळातील सुमारे १ लाख ६० हजार प्रजातींची नोंद झाली आहे. त्यांपैकी फुलपाखरे साधारण १९ हजार. भारतात फुलपाखरांच्या तेराशेहून अधिक प्रजाती आहेत, तर पतंगांच्या दहा हजारांहून अधिक. ब्रिटिश अमदानीत भारतीय प्राणिजीवनावर जी ग्रंथमाला निघाली, तिच्यात जॉर्ज हॅम्पसन यांना पतंगांसाठी १८९२ ते १८९६ या काळात चार खंड लिहावे लागले. चार्ल्स बिंगहॅम यांनी सुरू केलेले फुलपाखरांचे खंड त्यानंतर, १९०५ पासून येऊ लागले. तरीही सामान्य माणसाला दहा फुलपाखरे सांगता येतात आणि पतंग एकही सांगता येत नाही. दिवसा दिसते त्याकडे लक्ष जाते, त्याला काही इलाज नाही.

दोघांत समान काय

फुलपाखरू हातात धरून सोडले की बोटांना रंगीत भुकटी लागते. ती भुकटी म्हणजे पंखांवरील खवले होत. प्रत्येक खवला हा मुळात एक चपटा झालेला केस आहे, आणि घराच्या छपरावरील कौलांप्रमाणे ते एकावर एक रचलेले असतात. या खवल्यांवरूनच संपूर्ण कुळाला लेपिडोप्टेरा, म्हणजे खवलेपंखी, हे नाव मिळाले. फुलपाखराच्या पंखावरील डोळ्यासारखा ठिपका आणि पतंगाच्या पंखावरील झाडाच्या सालीसारखी नक्षी ही एकाच साधनाने काढलेली चित्रे आहेत. काही रंग खवल्यांतील रंगद्रव्याचे असतात. चमकदार निळा किंवा हिरवा मात्र बहुधा खवल्यांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश परावर्तित झाल्याने दिसतो. असे खवले पाण्यात भिजवले तरी त्यांचा रंग उतरत नाही, कारण उतरण्यासारखे त्यात काही नसतेच.

दुसरी समान गोष्ट सोंडेची. घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली ही नळी दोन अर्ध्या भागांची बनलेली असते, आणि कोषातून बाहेर पडल्यानंतर प्रौढ कीटक ते दोन भाग एकमेकांत बसवून घेतो. अर्थात सर्वांनाच सोंड नसते. ॲटलस किंवा रेशमाच्या पतंगांमध्ये ती निकामी झालेली असते. याउलट मायक्रोप्टेरिगिडी या अतिशय प्राचीन शाखेतील इवलेसे पतंग आजही जबड्यांनी परागकण चावून खातात. सोंड येण्यापूर्वीचे या कुळातील खाणे कसे होते, त्याचा तो जिवंत नमुना आहे.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे अंडे, अळी, कोष आणि प्रौढ या चार अवस्था. घरातील कुंडीत कढीपत्त्याचे रोप असेल तर हा प्रवास पाहण्यास कोठे जावे लागत नाही. लिंबाच्या फुलपाखराची अळी सुरुवातीला पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते, नंतर पानाच्या रंगाची हिरवी होते, आणि डिवचल्यास डोक्यामागून दुर्गंधी सोडणारी लालसर दुहेरी शिंगे बाहेर काढते. कोषात तिच्या शरीराचा बराचसा भाग विरघळून जातो आणि अळीच्या अंगात आधीपासून सुप्त असलेल्या पेशींच्या लहान लहान पुंजक्यांतून पंख, पाय आणि डोळे नव्याने घडतात. पतंगातही हेच घडते, तसूभरही वेगळे नाही.

ओळखीच्या खुणा आणि त्यांचे अपवाद

सर्वांत भरवशाची खूण शृंगिकांची. फुलपाखराच्या शृंगिका सडपातळ असून टोकाशी जाड होतात. पतंगाच्या शृंगिका धाग्यासारख्या निमुळत्या किंवा पिसासारख्या असतात. पिसासारख्या शृंगिका विशेषतः नरात आढळतात, आणि त्यामागे कारण आहे. अंधारात मादी दिसत नाही. तिला वासावरून शोधावे लागते. मादी पोटाच्या टोकाजवळील ग्रंथीतून अत्यल्प गंधद्रव्य हवेत सोडते आणि नर वाऱ्याच्या दिशेने तिचा माग काढीत येतो. पिसासारख्या रचनेमुळे गंध टिपण्यासाठी मोठे क्षेत्र मिळते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ॲडॉल्फ बुटेनांट यांनी १९५९ मध्ये रेशमाच्या पतंगातील असे गंधद्रव्य वेगळे करून दाखविले. त्यासाठी त्यांच्या चमूला सुमारे पाच लाख माद्यांच्या ग्रंथी गोळा कराव्या लागल्या. एखाद्या कीटकाचे असे द्रव्य रासायनिकदृष्ट्या ओळखले जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादकाच्या शेतात काठीला टांगलेले जे कामगंध सापळे दिसतात, ते याच शोधाचे फळ होय. सापळ्यात लावलेल्या गोळीतून बोंडअळीच्या मादीसारखा गंध सुटतो आणि नर त्यात येऊन पडतात. २०१७ च्या खरीप हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील बीटी कपाशीचे मोठे नुकसान केले, त्यानंतर या सापळ्यांचा आग्रह वाढला. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले तर उपाय सुरू करण्याची वेळ आली, असा दंडक कृषी शास्त्रज्ञ सांगतात. सापळ्यात पतंग येतो तो त्याच्या शृंगिकांमुळे. जोडीदार शोधताना प्रामुख्याने डोळ्यांवर विसंबणाऱ्या बहुतेक फुलपाखरांपुढे ही युक्ती चालत नाही.

फुलपाखरे गंध वापरत नाहीत असे मात्र नव्हे. ब्लू टायगर आणि त्याच्या जातभाईंचे नर खुळखुळा किंवा भुरुंडी यांच्या सुकलेल्या झाडांवर डझनांनी बसलेले दिसतात. ते त्यातील द्रव्ये शोषून घेतात आणि त्यापासून मादीला जवळून हुंगता येईल असा गंध तयार करतात. फरक अंतराचा आहे.

आता अपवाद. झायगिनिडी कुळातील काही पतंगांच्या शृंगिका टोकाशी जाड होतात. उलट दक्षिण व मध्य अमेरिकेत हेडिलिडी नावाचे एक लहानसे कुळ आहे. त्यातील कीटक निस्तेज तपकिरी आहेत, बहुतांशी रात्री उडतात, त्यांच्या शृंगिकांना गाठ नाही, आणि त्यांना सर्वजण पतंगच समजत आले होते. १९८६ मध्ये ब्रिटिश कीटकतज्ज्ञ माल्कम स्कोबल यांनी शरीररचनेच्या बारकाव्यांवरून ती फुलपाखरे असल्याचा निष्कर्ष मांडला. पुढे जनुकीय अभ्यासांनीही त्याला पुष्टी दिली.

बसण्याची ढब ही दुसरी खूण. फुलपाखरू पंख पाठीवर उभे मिटून बसते, पतंग ते पसरून किंवा छपरासारखे उतरते ठेवतो. परंतु ऊन खाताना अनेक फुलपाखरे पंख सपाट पसरतात, आणि काही पतंग फुलपाखरासारखे पंख उभे मिटतात. ही खूण एकटी पुरेशी नाही. अंगावरील लव हीही अशीच. रात्री उडणाऱ्या पतंगाला उन्हाची ऊब मिळत नाही, म्हणून तो उडण्यापूर्वी पंखांचे स्नायू थरथरवून अंग गरम करतो आणि जाड लव ती ऊब टिकवते. फुलपाखरू त्याऐवजी सकाळी उन्हात बसते.

सहसा न सांगितली जाणारी एक खूण पंखांच्या बुंध्याशी आहे. बहुतेक पतंगांच्या मागील पंखावर एक राठ केस असतो आणि तो पुढील पंखाच्या खालच्या आकड्यात अडकतो. त्यामुळे दोन्ही पंख एकत्र हलतात. फुलपाखरांत ही जोडणी नसते, मागील पंखाचा रुंद भाग पुढील पंखाखाली सरकवून काम भागते. जगातील सर्व फुलपाखरांत याला एकच अपवाद ज्ञात आहे. ऑस्ट्रेलियातील रीजंट स्किपर या फुलपाखराच्या नरात ती जोडणी आजही शिल्लक आहे. मादीत नाही, फक्त नरात.

कोषाच्या बाबतीत आपली भाषाच थोडी घोटाळा करते. अळी आणि प्रौढ यांच्या मधल्या अवस्थेलाही आपण कोष म्हणतो आणि तिच्याभोवतीच्या रेशमी वेष्टनालाही कोषच म्हणतो. फुलपाखराची मधली अवस्था बहुधा उघडी, फांदीला टांगलेली असते, तर पतंग तिच्याभोवती रेशमाचे घर विणतात. मात्र हॉक मॉथ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वेगवान पतंगांच्या अनेक अळ्या काहीच न विणता जमिनीत शिरतात, आणि लडाखसारख्या थंड प्रदेशातील अपोलो फुलपाखरांच्या अळ्या जमिनीलगत विरळ रेशमी जाळे विणतात.

रात्र, दिवस आणि वटवाघूळ

पतंग रात्रीचे आणि फुलपाखरे दिवसाची, हा समज सर्वांत पक्का. तो बहुतांशी खराही आहे. तरी पश्चिम घाटात निळ्या-पिवळ्या झगझगीत रंगांचे डिस्फॅनिया पतंग भर दिवसा उडताना पर्यटक त्यांची फुलपाखरे म्हणून छायाचित्रे काढतात. हिमालयात आणि ईशान्येत एपिकोपिया नावाचे पतंग विषारी फुलपाखरांचे हुबेहूब सोंग घेऊन दिवसा वावरतात. बागेत फुलासमोर हवेत स्थिर राहून मध पिणारा, गुंजनपक्ष्याची आठवण करून देणारा कीटकही पतंगच असतो.

फुलपाखरे दिवसा उडू लागली ती रात्रीच्या वटवाघळांना चुकविण्यासाठी, असे एक स्पष्टीकरण अनेक वर्षे दिले जाई. वटवाघळे उच्च वारंवारतेचा आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधतात. तो आवाज ऐकणारे कान अनेक पतंगांना असतात. ते डोक्यावर नसून काहींत छातीवर, काहींत पोटावर, तर काही हॉक मॉथमध्ये तोंडाच्या अवयवांत असतात. आवाज दूरचा असेल तर पतंग दिशा बदलतो. अगदी जवळचा असेल तर पंख मिटून खाली कोसळतो किंवा वेडीवाकडी गिरकी घेतो. काही व्याघ्र पतंग तर उलट टकटक असा आवाज काढून वटवाघळाचा अंदाजच चुकवितात. चंद्र पतंगांच्या मागील पंखांच्या लांब शेपट्या उडताना पिळल्यासारख्या फिरतात, त्यामुळे हल्ला शरीरावर न होता शेपटीवर होतो.

हे सर्व खरे असले तरी काळाचे गणित जुळत नव्हते. अमेरिकेतील अकितो कावाहारा आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये १८६ प्रजातींच्या दोन हजारांहून अधिक जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार या कुळाचा उगम सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा आहे, आणि फुलपाखरांचे पूर्वज जवळपास १० कोटी वर्षांपूर्वीच दिवसा उडू लागले होते. वटवाघळांचे सर्वांत जुने चांगले जीवाश्म सुमारे ५ कोटी वर्षांचे आहेत. तेव्हा जे वटवाघूळ जन्मालाच आले नव्हते, त्याला चुकविण्यासाठी कोणी दिवसा उडू लागले असे म्हणता येत नाही. त्याच काळात पसरू लागलेल्या सपुष्प वनस्पतींचा मध हे अधिक पटणारे कारण आहे. काही पतंगांचे कानही वटवाघळांच्या आधीचे निघाले. त्यांचा पहिला उपयोग वेगळा असावा आणि पुढे तेच कान जीव वाचविण्याच्या कामी आले.

याच चमूने २०२३ मध्ये सुमारे २,३०० फुलपाखरांच्या प्रजातींचा वंशवृक्ष मांडला. त्यानुसार फुलपाखरांचा उगम आजच्या अमेरिका खंडांच्या भागात झाला, त्यांच्या पहिल्या अळ्या बहुधा शेंगवर्गीय वनस्पतींवर वाढल्या, आणि भारत हे चोहोबाजूंनी समुद्र असलेले बेट असतानाच ती येथे पोहोचली.

या वंशवृक्षातून मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते. फुलपाखरे आणि पतंग या एका झाडाच्या दोन सारख्या फांद्या नाहीत. संपूर्ण झाड पतंगांचे आहे, आणि फुलपाखरे ही त्याच्या अनेक फांद्यांपैकी एक फांदी आहे. काही पतंग इतर पतंगांपेक्षा फुलपाखरांना अधिक जवळचे आहेत. दिवसा उडू लागणाऱ्या पतंगांच्या आणखी कितीतरी शाखा आहेत. त्यांतील एक फार यशस्वी झाली आणि तिला आपण वेगळे नाव दिले. प्रत्येक खुणेला अपवाद सापडतो तो यामुळे. ज्या गोष्टी आपण 'पतंगाच्या' म्हणतो त्या कुळाच्या जुन्या गोष्टी आहेत, आणि त्यांतील काही एखाद्या फुलपाखरात टिकून राहिल्या तर त्यात नवल नाही.

बागेत, शेतात आणि मागावर

नाते जवळचे असले तरी शेतकऱ्याला सवयींमधील फरक पाहावाच लागतो. डाळिंबाचे सुरसा फुलपाखरू निळसर जांभळ्या चमकेचे असते. अळी फळात शिरून दाणे खाते, आणि पोखरलेले फळ गळू नये म्हणून बाहेर येऊन देठ रेशमी धाग्यांनी फांदीला बांधूनही ठेवते, इतकी ती सावध असते. अंडी दिवसा फळावरच घातली जात असल्याने फळे लहान असतानाच त्यांना कागदी पिशव्या बांधणे हा जुना आणि खात्रीचा उपाय मानला जातो.

संत्रा-मोसंबीच्या बागेतील रसशोषक पतंगाचे गणित उलटे. येथे अळी निर्दोष असते, ती बागेबाहेर गुळवेल, वासनवेल अशा वेलींवर वाढते. उपद्रव प्रौढाचा. त्याच्या सोंडेचे टोक टणक आणि दातेरी असते. आंबिया बहाराची फळे पिकू लागली की तो अंधार पडल्यावर येतो, फळाला बारीक छिद्र पाडतो आणि त्या छिद्रातून सड शिरून फळ गळते. दिवसा बागेत फिरणाऱ्याला गळलेली फळे दिसतात, चोर दिसत नाही. म्हणून बागायतदार संध्याकाळी बागेत धूर करतात, दिवे लावतात आणि आसपासच्या वेली काढतात.

पिकांचे मोठे शत्रू बहुतांशी पतंगच आहेत हे मान्य केले पाहिजे. हरभऱ्यावरील घाटेअळी, कपाशीवरील बोंडअळी आणि २०१८ मध्ये भारतात प्रथम आढळून त्याच वर्षी महाराष्ट्रातील मक्यावर पोहोचलेली अमेरिकन लष्करी अळी ही ठळक नावे. पण केवळ यावरून पतंगांचा हिशेब मांडला तर तो एकतर्फी होईल. साठविलेल्या तांदळात जाळी करणारा पतंगच प्रयोगशाळांत मुद्दाम वाढवितात, कारण त्याच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक पोसला जातो आणि तीच अंडी ट्रायकोकार्डवर चिकटवून शेतकऱ्याला दिली जातात. पपईच्या फुलांचे परागीभवन मुख्यतः हॉक मॉथ करतात. संध्याकाळनंतर सुवास सोडणारी पांढरी फुले ज्यांच्यासाठी उमलतात, त्यांतही पतंग प्रमुख आहेत. मुंबईतील घरांच्या भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखी राखाडी पिशवी सरकताना दिसते, ती पतंगाची अळीच असते. ती कोळिष्टके आणि केस खाते. गृहिणींना ती आवडत नाही, पण ती करते ते काम केरसुणीचेच आहे.

आणि रेशीम तर सर्वस्वी पतंगांचे. तुती, टसर, एरी आणि मुगा या चारही प्रकारांचे रेशीम भारतात होते. मुगा फक्त भारतात, मुख्यत्वे आसामात. मराठवाड्यात तुतीची लागवड वाढली आहे. गडचिरोली, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या जिल्ह्यांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढविण्याचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तिथे त्याला कोसा म्हणतात. तुतीच्या एका कोषातून एक किलोमीटरच्या आसपास लांबीचा सलग धागा निघू शकतो, परंतु त्यासाठी पतंग बाहेर पडण्याआधीच कोष उष्णता देऊन मारावे लागतात. पतंग भोक पाडून बाहेर आला तर धागा तुटतो. एरीचा कोष एका बाजूने उघडा असल्याने त्यातील पतंग निघून गेल्यावरही सूत कातता येते. पैठणी नेसणाऱ्या किती जणींना हा धागा पतंगाच्या अळीचा आहे हे आठवत असेल, हा प्रश्न अर्थातच गैरलागू आहे.

दिव्याकडे ओढ की दिशाभूल

पतंग दिव्यावर का झेपावतो, या जुन्या प्रश्नाला जानेवारी २०२४ मध्ये एक नवे उत्तर मिळाले. सॅम्युएल फॅबियन आणि यश सोंधी यांच्यासह संशोधकांच्या एका चमूने प्रयोगशाळेत आणि कोस्टारिकाच्या जंगलात अतिवेगवान कॅमेऱ्यांनी कीटकांचे दिव्याभोवतीचे उड्डाण टिपले. कीटक सरळ दिव्याकडे जात नाहीत, तर आपली पाठ दिव्याकडे वळवितात, असे त्यात दिसून आले. लक्षावधी वर्षे रात्रीही उजळ बाजू ही आकाशाचीच होती. पाठ उजेडाकडे ठेवली की शरीर जमिनीला समांतर राही. दिवा बाजूला असेल तर कीटक कलतो आणि त्याच्याभोवती घिरट्या घालतो. दिवा खाली असेल तर तो चक्क उलटा होऊन कोसळतो. कीर्तनातील पतंग मोहाने जळत होता. खराखुरा पतंग दिशा चुकून जळतो.

गावोगावी रस्त्यांवर आणि अंगणात पांढऱ्या एलईडी दिव्यांची संख्या वाढत असताना या निष्कर्षाला वेगळे महत्त्व आहे. दिव्याखाली रात्रभर घिरट्या घालणारा पतंग ना मध पितो, ना जोडीदार शोधतो, आणि पहाटे पक्ष्यांच्या तोंडी पडतो. दिव्यावर वरून झाकण असणे, प्रकाश फक्त खाली पडणे आणि रंग पिवळसर असणे हे साधे बदल नुकसान कमी करतात.

दुसरीकडे, हाच दिवा पतंग पाहण्याचे सर्वांत सोपे साधन आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी येथे २०१२ मध्ये सुरू झालेला पतंग सप्ताह दर वर्षी जुलैच्या अखेरच्या पूर्ण आठवड्यात अनेक देशांत पाळला जातो, आणि भारतातील निसर्गप्रेमीही त्यात भाग घेतात. पांढरी चादर दोरीवर टांगायची, तिच्यासमोर तासभर दिवा लावायचा, आलेल्यांची छायाचित्रे घ्यायची आणि दिवा मालवून त्यांना जाऊ द्यायचे. आपल्याकडे तो आठवडा भर पावसाळ्यात येतो, म्हणजे पतंगांच्याच हंगामात.

भातशेतीच्या भागात चादरीवर एखादा वाळक्या पानासारखा तपकिरी पाहुणा येऊन बसण्याची बरीच शक्यता असते. रात्र आहे, रंग मातकट आहे, दिव्याला आला आहे, म्हणून तो पतंगांच्या यादीत टाकण्यापूर्वी शृंगिकांची टोके पाहावीत. ती किंचित जाड असतील आणि पंख पाठीवर उभे मिटलेले असतील, तर तो ईव्हनिंग ब्राउन आहे. त्याच्या अळ्या भाताच्या आणि गवताच्या पात्यांवर वाढतात, प्रौढ सडक्या फळांचा रस पितात, दिवसभर पाचोळ्यात पडून राहतात आणि दिवेलागणीला बाहेर पडतात. ते फुलपाखरू आहे.